साखळीचा धक्का

भरती इथवर यायची.
पुरावा म्हणून सातव्या पायरीच्या कपारीत
एक कालव अजून चिकटून आहे,
आतून रिकामं.

आगरातलं मीठ पडावांतून उतरायचं,
बैलांच्या पाठीवर बसून चोर्ल्याचा घाट चढायचं.
वरून मिरची यायची,
आणि जकातीच्या फिरंगी कारकुनाला शिंका.
पावती पोर्तुगीजमध्ये. ती कुणी वाचली असेल,
तर वाळवीनेच.

मग खाणींचा तांबडा गाळ आला.
वाळवंटी उथळ होत गेली,
बाजाराने हळूच पाठ फिरवून
रस्त्याकडे तोंड केलं.

धाकू तारी संध्याकाळी पुलावर येतो.
हातात नसलेली काठी
पाण्यात सोडतो, तळ चाचपतो,
म्हणतो, अडीच वाव.

खाली एक बगळा
घोटाभर पाण्यातून
चालत पलीकडे जातो.