सातेरी

जांबोटीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं परडं.
तिथं तीन पेट्या होत्या.
प्रत्येकीचे चार पाय चार करवंट्यांत,
करवंट्यांत पाणी, मुंग्यांसाठी.
पाणी घालायचं काम धाकटीचं.
ती विसरते. मुंग्या विसरत नाहीत.

पेट्या ह्यांनी आणल्या.
उद्यमबागेत आठ तास लोखंडाचा रस बघणाऱ्या माणसाला
रविवारी दुसरा कसला तरी रस बघायचा होता,
एवढंच म्हणाले.

शिकवायला आलेल्या माणसानं
माश्यांच्या जातीचं नाव सांगितलं
आणि मी पदर सावरला.
वारुळातल्या देवीचं नाव ते,
आणि नवसानं झालेल्या माझ्या मामंजींचं.
चौदा वर्षांत माझ्या तोंडून गेलं नव्हतं.
रेशनच्या रांगेतही विचारलं तर मी नुसतं कार्ड पुढं करते.
म्हणून माश्यांना मी 'त्या' म्हणू लागले.
त्या उठल्या का. त्यांना पाक ठेवला का.
मुलं हसायची.

पाक पावसाळ्यात.
इकडं आषाढात चार-चार दिवस त्या दारात येऊन बघतात
आणि आत जातात.
साखरेचा डबा तेव्हा लवकर संपतो,
मेणकिड्याच्या वासावर माझं नाक असतं.
मग दसऱ्याच्या आधी कारळा फुलतो,
आणि त्या मागच्या पायांना
पिवळ्या पिशव्या बांधून बाजारातून येतात.

माघात पेटी जड झाली.
चौकटीच्या खालच्या काठाला
भुईमुगाच्या एकदाणी शेंगा लोंबत होत्या,
प्रत्येक शेंगेत एक राणी.
मी सांगितलं, पाच आहेत.
हे म्हणाले, रविवारी बघू.
रविवारी ओव्हरटाइम निघाला.
पुढच्या रविवारी बैलूरला मेहुण्याचं लग्न.

मंगळवारी मी मिरच्यांची देठं काढत होते.
दूध उतू जावं
तशा त्या दारातून बाहेर आल्या,
पेटीवरून, चिकूवरून, मग नुसत्या हवेत,
कुणी काळी गोधडी झटकावी तशा.
धाकटीनं ताट बडवलं,
थोरल्यानं मूठभर माती फेकली.
मी घागर घेऊन पाणी उडवत पळाले,
कुंपणात पाय अडकला
आणि तोंडातून गेलं,
सातेरी! ए सातेरी! थांब गे!

ओसरीवरून आवाज आला,
"ओ. कशाला बोलवूलीस?"

ताट थांबलं.
माझ्या हातात मिरचीचा तिखट होता, तोच डोळ्याला लागला
असं मी नंतर सांगितलं.
मामंजी मात्र हसले, खोकला येईपर्यंत.
"चौदा वर्षं झाली, मला वाटूलालं
हिला माझं नाव ठाऊकच नाही."

त्या इरव्वाच्या फणसाला जाऊन लटकल्या.
"जेनु! जेनु!" करत तिनं आधी वाळत घातलेले कपडे आत ओढले,
मग शिडी दिली.
टोपलीला आतून मध चोपड, उपडी धर, घाई नको,
त्या अंधाराकडं वर चढतात,
मामंजी खालून सांगत राहिले.
दीड तास. उजव्या कानाला दोन डंख.
राणी कधी चढली ते दिसलं नाही,
आवाज तेवढा खाली आला.

हे रात्री आले, टोपलीकडं बघितलं,
काही न बोलता फळी कापायला बसले.

वैशाखात जांभळाचा मध निघाला, किंचित कडसर.
एक बाटली इरव्वाला, फांदी तिची होती म्हणून.
थोरला कागदावर एका ओळीत मध लिहितो,
खालच्या ओळीत शाळेतल्या अक्षरात जेनुतुप्पा.
चिकट हातानं बाटली उचलली
की शाई दोन्ही ओळींची पुसते.

मी अजून 'त्या'च म्हणते. सवय.
फक्त चौथ्या पेटीशी
पाणी घालताना आसपास कुणी नसलं
तर हळू हाक मारून बघते.
ऐकू कमी येतं म्हणतात,
पण ओसरीवरून कधी कधी
"ओ" येतं.