फळ्याची डावी कड

आठवी ब, सेलू.
खडूनं मी रूळ ओढत नेतो पश्चिमेकडं,
दर वितीवर एक गाव,
गावाला गिरणी, गिरणीला धुराडं.
“जमीन रिकामीच होती,” पुस्तक म्हणतं.
मीही म्हणतो. परीक्षेला तेवढंच येतं.

मनमाडची पॅसेंजर शिट्टी देते,
तावदानं थरथरतात.
तिसऱ्या बाकावर झिमा राठोड
वहीच्या समासात बैल काढतेय :
एकामागं एक, पाठीवर गोण्या,
समास संपला तर पान उलटून.

“हे काय?”
“लदेणी, सर. खापरपणजाची.
मीठ आणायचे कोकणातून.
मग रूळ आले.”
“मग?”
“बैल विकले. म्होरक्या तेवढा ठेवला.
त्याची घंटा हाय अजून तांड्यावर,
शेळीच्या गळ्यात.”

वर्ग हसतो. मीही, जरासा.
माझा खडू समुद्राला टेकलेला,
पुढं फळाच नाही.

संध्याकाळी फाटक बंद.
पलीकडं कुणाचीशी शेळी
मान हलवत बाभळीच्या शेंगा खातेय.
गळ्यात काहीतरी आहे.
मधून मालगाडी चाललीय;
डबे मोजतो एकेचाळीसपर्यंत,
मग मोजायचं सोडून
कान देऊन उभा राहतो.