भरणीचा हिशेब

राखवाडीच्या सोसायटीचा खजिनदार मी,
खंडेराव शिरसाट. वही हिरव्या पुठ्ठ्याची.
तिच्यातली पहिली नोंद पैशांची नाही:
टोपल्या, अंदाजे नऊ हजार.

वडाळ्याच्या मिठागराला लागून इथं नुसता चिखल.
भरती आली की चुलीत पाणी.
माझ्या बापानं गिरणीच्या बॉयलरची राख वाहिली,
पेरुमालच्या बापानं करवंट्या,
सगुणाबाईनं फुटक्या कौलांचा चुरा, तोही पोटुशी असताना.
वीत वीत करत जमीन वर आली.
तेव्हा तिला भाव नव्हता.
असता, तर आम्हांला चिखल तरी कुणी दिला असता?

मग पूल आला. मग खांबांवरची गाडी.
आणि आमच्या संडासाच्या रांगेखालची जमीन
एकदम डोळ्यांत भरायला लागली,
सुट्टीत मामाकडे गेलेली पोर
परत येते तेव्हा मोठी दिसते, तशी.

आर्किटेक्टबाई आल्या, मृण्मयी चेंबूरकर,
वयानं माझ्या धाकटीएवढ्या.
नकाशावर ग्लुकोजची बिस्किटं रचून म्हणाल्या,
ही थप्पी तुमची, फुकट.
ही उंच थप्पी विकायची, तिच्या पैशातून तुमची उभी राहणार.
म्हणजे आमच्या घराचा खर्च
आमच्याच जमिनीतून निघणार?
बरोब्बर! बाई खूश झाल्या.
मग फुकट कोण कुणाला देतंय, हे विचारणार होतो,
तेवढ्यात पेरुमालच्या नातवानं
विक्रीची अख्खी इमारत चहात बुडवली.
सगळे हसले.
बिल्डरचा माणूस जरा उशिरा हसला.

खोटं कशाला बोलू, सही मीही केली.
घरात संडास. दाराला आतून कडी.
सत्तरीच्या सगुणाबाईला पहाटे चारला
डबा घेऊन उठावं लागणार नाही,
याचा भाव कुठल्या रेडीरेकनरात बघायचा?

पण परिशिष्ट दोन लागलं, त्यात
रशीदाचं नाव नव्हतं.
अठरा वर्षं ती माझ्याच माळ्यावर.
लोखंडी शिडी, शिलाईची दोन मशिनं,
पोराच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळं दाखवलं.
साहेब म्हणाले, घर तळमजल्याला मिळतं.
माळ्यावरचा माणूस जमिनीवर राहत नाही.
नऊ फूट वर होती ती.
भाडं मी घ्यायचो.
पावती कधी दिली नाही.

गेल्या महिन्यात पायलिंग सुरू झालं.
मशिननं आधी राखच वर काढली,
काळी, ओली, अजून खाडीचा वास असलेली,
तिच्यात करवंट्या, एक पितळी बटण.
डंपर भरभरून गेले. उलव्याकडे कुठंतरी
भरणीला लागते म्हणे, ब्रासवर भाव आहे.
तो पैसा कुठल्या खात्यात जातो, मी लेखी विचारलंय.
पोच मिळाली. उत्तर नाही.

सोडतीत मला चौदावा मजला लागला.
जमिनीपासून सव्वाशे फूट वर, आणि पात्र.
रशीदा मानखुर्दला, भाड्यानं.
जाताना शिडी नेली नाही तिनं,
तिथं माळाच नाही म्हणाली.
संक्रमण शिबिराच्या खोलीत ती आडवी पडून आहे,
भंगारवाल्याला द्यायचं रोज ठरतं.
रात्री पाणी प्यायला उठलो की पाय लागतो.
अंधारातच वाकतो,
शिडीला हात लावून कपाळाला लावतो.