तक्रारीचा रकाना

मानपाड्याला मेट्रोचा खांब उभा राहिला
तो नेमका गोरिवल्यांच्या पाटीसमोर.
'कुकर, मिक्सर, स्टोव्ह दुरुस्त करून मिळेल' यातलं
रस्त्यावरून आता फक्त 'मिळेल' दिसतं.
काय, ते खांबाला विचारा.

म्हणून भाचीने वेबसाइट करून दिली,
मग लग्न होऊन सुरतेला गेली,
पासवर्डही तिच्याबरोबर गेला.
तेव्हा मला बोलावलं.
माझा धंदा हाच, बुडालेली दुकानं वर काढणं,
महिन्याला अडीच हजार, चहा धरून.

पहिल्या दिवशी मी नकाशा उघडला.
गोरिवले स्टुलावर बसून वॉशर घासत होते
आणि नकाशा म्हणत होता : कायमचे बंद.
दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला,
शटर सव्वा महिना खाली होतं,
तेव्हा कुणीतरी जाता जाता बटण दाबलं असणार.
मी फोन पुढे केला.
त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं.
"तरीच यंदा वर्गणीवाले आले नाहीत."

पडताळणीचा फोन आला. सहा आकडे.
ते त्यांनी एकेक करून मला दिले,
सुट्टे पैसे मोजून हातावर ठेवावेत तसे.

मग शब्दांची पाळी.
"ठाण्यातील सर्वोत्तम गृहोपयोगी उपकरण सेवा,"
मी वाचून दाखवलं, "हे पानाच्या डोक्यावर घालू."
"असं कोण बोलतं?"
"कुणी नाही. पण सगळे लिहितात."
"मग सगळे एकमेकांनाच सापडत असतील."

आणि गल्ल्याखालून वह्या निघाल्या. अकरा.
तारीख, नाव, वस्तू, तक्रार, कधी मिळेल.
तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईक बोललं तसंच,
एकोणतीस वर्षं, निळ्या शाईत :

शिट्टी नाही नुसतं सूं करतो
झाकण रुसलंय
वरण बाहेर, पाणी आत
मिक्सर फिरतो पण वाटत नाही
करंट मारतो, फक्त मला
सासूबाईंचा आहे, नवा घ्या म्हणू नका

तीन रात्री मी ते टाइप करत बसले.
घोडबंदरचे कंटेनर खिडकीची काच हलवत जात होते.
कुणीतरी कुठेतरी याच वेळी
करपलेल्या भातासमोर उभं राहून
अंगठ्याने लिहीत असेल हेच,
अशुद्ध, घाईत, प्रश्नचिन्हाशिवाय.
त्या वाक्याला त्याच्यासारखं वाक्य भेटायला हवं.
एवढंच माझं शास्त्र.
बाकी फोटो हलके करणं, तुटलेले दुवे जोडणं,
आणि वाट बघणं.

फोटोंना वर्णन लागतं,
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.
गॅसकेटचा फोटो दाखवून विचारलं, काय लिहू?
गोरिवले बराच वेळ बघत राहिले,
जो डोळा झाकून महिनाभर बसले होते त्या डोळ्याने.
"लिही, काळं रबर, गोल. आतून चिरलेलं.
बघून कळत नाही, बोट फिरवलं की कळतं."

दोन महिन्यांनी आम्ही दुसऱ्या पानावर,
भिवंडीच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या खाली
ज्याच्याकडे दुरुस्ती होतच नाही.
मी कारणं सांगत होते, ते मान हलवत होते.
तेवढ्यात कोलशेतहून एक बाई आली,
खांबाला वळसा घालून, पिशवीत कुकर.
"ते झाकण रुसलंय, ते तुमच्याकडेच ना?"

त्यांनी झाकण उजेडात धरलं, बोट फिरवलं,
मग चालू वही माझ्याकडे सरकवली,
"तू लिही, अक्षर बरं आहे."
ही वही मी टाइप केलेली नव्हती.
कोरं पान शोधताना मागे माझंच नाव लागलं,
मी आले त्या दिवसाच्या तारखेला.

वस्तू : वेबसाइट.
तक्रार : दुकान आहे, पण दिसत नाही.
कधी मिळेल :
शनिवारी विचारा.