ओतलेली हवा

कार्निव्हल संपून नऊ दिवस झाले होते.
उरलेले फुगे डोन्या एउफ्रासियानं निम्म्या किमतीत दिले
आणि बजावलं, "बाई, पोरांना पाणी भरून देऊ नका,
माझ्या खिडकीची काच अजून बसायची आहे."
मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

फुगे एकवीस, मुलं तेवीस.
व्हिनेगर शाळेच्या स्वयंपाकघरातलं,
सोडा माझ्या घरचा,
बाटल्या ज्याच्या त्याच्या.
प्लासिदाच्या बाटलीला अजून पपईच्या सरबताचा वास येत होता.

आमचं गाव चार हजार मीटरवर.
इथे पाणी लवकर उकळतं
आणि बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत.
हे इथल्या मुलांना पुस्तकाआधी
भुकेनं शिकवलेलं असतं.
म्हणून उकळण्याचा धडा मी उरकते,
फेसाच्या धड्याला वेळ देते.

आधी मक्याचं पाणी.
जांभळ्या मक्याचं, ज्याचं आपी करून आम्ही सकाळी पितो.
लिंबू पिळलं, गुलाबी झालं.
दुसऱ्या पेल्यात सोडा टाकला,
आणि ते निळं पडलं, थंडीत ओठ पडतात तसं.
"आजारी पडलं," देमेत्रिओ म्हणाला.
"प्यायचं नाही," मी म्हणाले,
तोवर त्यानं बोट चाटलं होतं.

मग फुगे.
फुग्यात सोडा, बाटलीत व्हिनेगर,
तोंडाला तोंड लावायचं आणि फुगा उभा करायचा.
एकवीस बाटल्या फसफसल्या,
एकवीस फुगे झोपेतून उठल्यासारखे
आळस देत ताठ झाले.
उरलेली दोघं माझ्या टेबलापाशी उभी होती.
त्यांना मी काडेपेटी सांभाळायला दिली होती,
म्हणून ती सगळ्यांत श्रीमंत.

शेवटी मी एका फुग्याची मान हळूच सैल केली,
आतली हवा मगात सोडली,
आणि रिकामा मग
मेणबत्तीवर तिरका केला.
काहीच पडलं नाही.
पण मेणबत्ती विझली.

मुलं हसली.
काही नाही ओतून काही विझतं, म्हणजे जादूच की.
मी खडू उचलला. नऊ वर्षं तेच वाक्य लिहितेय:
हा वायू हवेपेक्षा जड

"खाली बसतो," मागच्या बाकावरून आवाज आला.
सिल्वेरिओ. वर्षभरात हजेरीपलीकडे
शब्द न बोललेला.

"तुला कसं माहीत?"
"बाबा मेणबत्ती गुडघ्याशी धरतात.
छातीशी नाही."
"आणि विझली तर?"
"मागे वळायचं. पळायचं नाही.
पळालं की श्वास जास्त लागतो."

कुणी हसलं नाही.
निम्म्या वर्गाचे बाप त्या वेळी
कथिलाच्या शोधात आमच्या पायांखाली कुठेतरी होते,
आणि मी वर उभी राहून
त्यांच्या मुलांना जादू दाखवत होते.
वाक्य अर्धंच राहिलं. खडू मी खाली ठेवला.
"पुढे ये," म्हटलं, "तू दाखव."

तो आला. मेणबत्ती पुन्हा पेटवली,
टेबलावरून उचलून फरशीजवळ नेली,
आणि दुसरा मग इतक्या सावकाश ओतला
की वात आधी वाकली,
मग निळी झाली,
मग नव्हतीच.
वही तपासली तेव्हा साहित्य, कृती दोन्ही कोरं.
निष्कर्षाखाली एकच ओळ:
खाली धरावी.
लाल शाईचं पेन माझ्या हातात तसंच राहिलं.

शाळा सुटली. वारा नव्हता.
सिल्वेरिओनं आपल्या फुग्याला दोरा बांधला होता.
कार्निव्हलमधले विकतचे फुगे हात वर ओढतात,
हा मात्र मातीवर टेकत, उडी मारत, पुन्हा टेकत,
पाळलेल्या कुत्र्यासारखा
खाणीच्या फाटकाकडे त्याच्या मागे मागे चालला होता.

संध्याकाळी मोजले तर एक फुगा कमी.
डोन्या एउफ्रासियाच्या दुकानावरून जाताना
मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेले.