तांबं वर येतं

आयली कोर्पेलाकडे मी महिन्याला दोन सिलिंडर पोचवतो.
मिशिगनच्या वरच्या टोकाला, बंद खाणीच्या मागे,
सरोवराकडून वारं थेट अंगावर येतं तिथलं तिसरं घर.
पहिल्यांदा विचारलं, एकट्या बाईला एवढा गॅस कशाला?
"शेकोटीला," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढे कळत गेलं, तुकड्यातुकड्यांनी.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या आवारात
चार दिवसांचं शिबिर होतं.
कुणीतरी लालभडक वाटी चिमट्यानं उचलून
भुशाच्या पिंपात टाकली, झाकण दाबलं,
आणि ही तेवीस वर्षांची पोरगी
घरी आली ती भुवया जाळून.
रेइनो म्हणाला, "लाकडाचं घर आहे आपलं."
एवढंच म्हणाला. खरंही होतं.

मग शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं.
बटाट्याच्या लगद्यात अंगठा दाबून ती वाटी करायची,
कुणी पाहायच्या आत डावानं सपाट करायची.
पैसे साठले की छप्पर गळायचं,
नाहीतर ट्रकचा गिअरबॉक्स.
माती मात्र तळघरात होती, ओल्या गोणपाटाखाली,
दर रविवारी पाणी शिंपडून जिवंत ठेवलेली.
आंबून वास सुटला की रेइनो म्हणायचा,
"खाली कोण मेलंय बघ जरा."

तो गेला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात
तिनं अंगणातला सौना पाडला.
चर्च पाडलं असतं तर चाललं असतं;
गावातल्या फिनिश म्हाताऱ्या महिनाभर बोलल्या नाहीत.
त्याच दगडी जोत्यावर तेलाचं पिंप कापून भट्टी बसवली,
आत पांढरी, आगीला न जुमानणारी लोकर.
पिंप कापणारा मीच.
त्या दिवशी पहिल्यांदा आत बोलावून कॉफी दिली.

पहिल्या सतरा वाट्या फुटल्या.
अठरावी फुटली नाही, पण बेडकासारखी दिसत होती.

आता झाकण धरायला मी थांबतो.
भुशावर ती जुनी वर्तमानपत्रं टाकते,
निधनवार्तांचं पान आधी वाचून घेते, मग चुरगाळते.
भट्टी उघडली की वाटी संत्र्यासारखी, जवळजवळ पारदर्शक.
चिमटा, पाच पावलं, पिंप. "दाब!"
बर्फात उभे आम्ही दोघं, डोळे चुरचुरत,
कपड्यांना आठवडाभर जाणार नाही असा वास.

"आत हवा संपते," ती सांगते,
"मग आग झिलईतला श्वास ओढून घेते.
मागे राहतं ते तांबं."

तिचा बाप याच जमिनीखाली मैलभर खोल तांबं फोडायचा.
घरी आणला तो खोकला,
आणि एकदा, जेवणाच्या डब्यात लपवून, अंगठ्याएवढा खडा.
खिडकीत आहे अजून.
मी म्हटलं, हा कुटून घाल ना झिलईत.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी ट्रककडे जाऊन उगाच टायर तपासले.

मला दिलेली वाटी घरी आहे.
कडेला लाल, खाली काळी,
मधे कुठेतरी सरोवर संध्याकाळी दिसतं तसं काहीतरी.
पाणी झिरपतं म्हणून तिच्यात काही ठेवायचं नाही,
पावत्या ठेवतो.
पहिले काही दिवस रात्री ती टिण्ण वाजायची,
बायको उठून बसायची.

काल निघताना आयली म्हणाली,
"वसंतात तीन आण."
मी म्हटलं, वयाचं काय ते बघ.
ती चिमट्याला काथ्या गुंडाळत होती.
"तीन," म्हणाली.