चतुःसीमा

पूर्वेस : समुद्र.
पश्चिमेस : मेडफोर्थांचं बार्लीचं रान.
दक्षिणेस चर्चची पायवाट, उत्तरेस ओहोळ.
एवढं लिहून सहीपुरती जागा सोडली
आणि मर्टल ब्लेंकिनबाईंच्या टेबलावर नकाशा पसरला.
कोपऱ्यांवर चार वजनं : मुरंब्याची बरणी,
चष्म्याचं घर, डुकरांच्या औषधाची बाटली, माझा फोन.

लाल पट्टा, वीस मीटर रुंद.
त्याच्या पोटात दोन केबल, सव्वा मीटर खोल.
इथून न दिसणारी पाती
नव्वद किलोमीटरवर जो वारा दळतात
तो या वाटेनं सबस्टेशनला जाईल.
जमीन तुमचीच राहील, मी म्हणालो,
आम्हाला फक्त वहिवाट हवी.
(फक्त हा शब्द मी दिवसातून चाळीसदा वापरतो.)

"किती वर्षं?"
नव्याण्णव.

बाई हसल्या नाहीत. बूट चढवले.
"चल, तुझी पूर्व दाखवते."

वाटाण्याच्या कडेकडेनं निघालो.
फाटकाच्या खांबापासून त्या पावलं मोजत होत्या,
मोठ्यानं, पाढे म्हटल्यासारखी.
वडिलांची वही आहे, दर फेब्रुवारीला एक ओळ :
त्या जन्मल्या त्या साली तीनशे बारा.
लग्न मोडून परत आल्या तेव्हा दोनशे चाळीस.
आज एकशे सहाव्या पावलाला
थांबल्या, आणि दंडाला धरून मलाही थांबवलं.

पुढे शेत नव्हतं.
गुळाची ढेप विळीनं कापावी तशी तपकिरी माती,
आणि त्या कापातून बाहेर डोकावणाऱ्या
भाजल्या मातीच्या नळ्या.
वडिलांनी हातानं पुरलेल्या,
शेताचं पाणी अजून इमानानं वाहून आणणाऱ्या,
फक्त आता हवेत सोडणाऱ्या.
खाली वाळूत एक काँक्रीटची खोली उताणी पडलेली.
"बंदुका ठेवायला बांधली युद्धात. सरकारनं जागा मागितली,
तात्पुरती. कागद आहे माझ्याकडे.
तेव्हा ती शेताच्या मधोमध होती."

मी सांगितलं ते सगळं खरं होतं :
छिद्र कड्याच्या खूप खालून पाडतात,
सांध्याचा खड्डा तीन शेतं आत घेतलाय,
इंजिनियरांनी साठ वर्षांची झीज धरली आहे.
"आणि वरची एकोणचाळीस?"
त्यांचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

"नाही म्हटलं तर?"
मग अर्ज, सुनावणी, सक्तीचा हुकूम.
पैसे साधारण तेवढेच, वर्षभर उशिरा.
त्या लाटांकडे बघत राहिल्या.
"ही तर साधं पत्रसुद्धा पाठवत नाही."

परतल्यावर चहा, आणि अटी.
वरची माती वेगळी, खालची वेगळी, ढिगांची गाठ पडता कामा नये.
वाटाणा निघायच्या दिवसांत एकही यंत्र नाही,
तोडल्यापासून अडीच तासांत तो बर्फात जावा लागतो,
तुमचा वारा थांबेल, वाटाणा थांबत नाही.
आणि तुटेल ती प्रत्येक नळी जोडायची, त्याच उतारावर.

नळ्यांचा नकाशा आहे का, मी विचारलं.
बाईंनी माझी पेन्सिल घेतली
आणि माझ्याच नकाशावर, न अडखळता,
माशाचा अख्खा सांगाडा काढला.
माझा लाल पट्टा त्याचे अकरा काटे तोडत होता.

सही केली. मग वर जाऊन
'समुद्र' या शब्दापुढे दोन शब्द घातले :
आज दुपारी.

ऑफिसनं ते दोन शब्द काढायला लावले. मी काढले.

ऑक्टोबरात खंदक बुजवायच्या आधी सांधे मोजले. दहा.
मुकादम म्हणाला, म्हातारी चुकली असेल, पाऊस येतोय.
मी फाईलमधून पेन्सिलचा मासा काढला,
ओहोळापासून सत्तावीस पावलं टाकली, खाली उतरलो,
कोपरापर्यंत हात चिखलात घातला.
फुटकी कड बोटांना लागली.
आतून गार पाणी येत होतं,
पूर्वेकडे.